तेहरान, टोलेडो, करमानशाह

७ जानेवारी १९९८ रोजी इराणचे नवे राष्ट्राध्यक्ष महंमद खातमी अमेरिकेच्या सीएनएन वाहिनीवर बोलले. १९७९च्या क्रांतीनंतर तेहरानच्या अमेरिकी वकिलातीतले कर्मचारी ४४४ दिवस ओलीस ठेवले गेले आणि तेव्हापासून दोन्ही सरकारांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं. खातमींनी थेट अमेरिकी जनतेला उद्देशून सांगितलं, की अविश्वासाच्या या भिंतीला तडा जायला हवा आणि त्यासाठी प्राध्यापक, लेखक, कलावंत, पत्रकार यांची ये-जा सुरू व्हावी. प्रत्यक्षात या सगळ्यांच्या आधी गेले पैलवान. फेब्रुवारीतच पाच अमेरिकी मल्ल तेहरानच्या आझादी क्रीडासंकुलात उतरले. क्रांतीनंतर इराणात खेळायला आलेलं हे पहिलं अमेरिकी पथक. स्पर्धेचं नाव तख्ती चषक. ज्याच्या नावानं ही स्पर्धा भरत होती, तो गुलामरेझा तख्ती ७ जानेवारीलाच गेला होता, बरोबर तीस वर्षांआधी.

त्या पाच जणांत बार्सिलोना ऑलिंपिकचा सुवर्णविजेता केविन जॅक्सन होता, १९९१चा जगज्जेता झीक जोन्स होता, १९९३चा जगज्जेता मेल्विन डग्लस होता. ज्या शहरात अमेरिकेचा झेंडा जमिनीवर रंगवून पायदळी तुडवला जात होता, तिथे तो खेळाच्या सभागृहात रीतसर फडकला. हजारो प्रेक्षक होते आणि त्यांनी या पाहुण्यांचं टाळ्यांनी स्वागत केलं. झीक जोन्स कोण, जॅक्सनचा आवडता डाव कोणता, हे त्या गर्दीला ठाऊक होतं. तेहरानचा कुस्तीशौकीन परदेशी मल्लांना नावानिशी ओळखतो.

अशा प्रसंगी कुस्तीनं राजकारणावर मात केली असं लिहायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. या खेळाच्या गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या इतिहासात राजकारण गादीवरून कधी उतरलंच नाही. त्यानं पैलवानांची उमेदीची वर्षं खाल्ली, काहींचे जीवही घेतले. तरीही एक गोष्ट टिकून राहिली. समोरच्या मल्लाला कसं वागवायचं याचं एक माप इराणी प्रेक्षकानं मनात धरलं होतं. शहा गेला, क्रांती झाली, युद्ध झालं, ते माप बदललं नाही. ते तख्तीचं माप होतं. इराण, रशिया आणि अमेरिका यांच्या फ्रीस्टाइलमधल्या चुरशीची हकीकत सांगायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

तख्ती १९३० साली दक्षिण तेहरानच्या खानीआबाद या गरीब वस्तीत जन्मला. इराणात कुस्तीची मुळं झूरखान्यात. आपल्या तालमीशी त्याचं नातं कुणाही कोल्हापूरकराच्या लगेच लक्षात येईल. दरवाजा इतका बुटका, की आत शिरताना मान लववावीच लागते. मध्यभागी जमिनीत खोदलेला अष्टकोनी हौदा, त्यात उतरून जोर मारायचे, लाकडी मुद्गल फिरवायचे, साखळ्या लावलेलं लोखंडी धनुष्य डोक्यावर पेलायचं. उंच बैठकीवर मुर्शिद बसतो. तो ढोल वाजवतो, घंटा ठोकतो आणि फिरदौसीच्या काव्यातल्या रुस्तुमाच्या कथा गातो. या जागेत ताकदीइतकीच किंमत जवानमर्दीला, म्हणजे दुबळ्याला सांभाळणं, शब्द पाळणं, पडलेल्याला न लाथाडणं याला. तख्ती तिथून घडून गादीवर आला. १९५१ साली हेलसिंकीला फ्रीस्टाइलची पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि रौप्यपदक घेऊन परतला.

त्या काळी मैदान तुर्कांचं होतं. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइलच्या आठ वजनगटांपैकी चार सुवर्णं तुर्कस्ताननं नेली, हेलसिंकीच्या जागतिक स्पर्धेत आठपैकी सहा. यासार दोगूसारखा मल्ल त्यांच्याकडे होता. पण १९५२ला सोव्हिएत संघ पहिल्यांदाच ऑलिंपिकला उतरला आणि चित्र पालटू लागलं. त्यांनी फ्रीस्टाइलमध्ये जिंकलेली दोन्ही सुवर्णं जॉर्जियन मल्लांची होती. त्यांतला एक, डेव्हिड त्सिमाकुरीझे, तख्तीला मागे टाकून ७९ किलो गटात पहिला आला. इथून पुढे सोव्हिएत फ्रीस्टाइल म्हणजे मुख्यतः कॉकेशसच्या डोंगरातली कुस्ती: जॉर्जिया, ओसेतिया, दागेस्तान. मॉस्कोनं त्यांना प्रशिक्षक दिले, शिबिरं दिली, लाल जर्सी दिली. कुस्ती त्यांच्या गावात आधीपासूनच होती.

या नव्या जगाशी आपल्या मातीचा पहिला सामना कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी केला. १९४८ला लंडनमध्ये मॅटवर पाय ठेवण्याचीही सवय नसताना खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवलं. त्यांना रोखलं ते इराणच्या मन्सूर रईसीनं. सहाव्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथे ५७ किलो गटात जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ झुंज झाली आणि ती संपते न संपते तोच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्हसमोर उभं राहण्याचा हुकूम आला. मधल्या विश्रांतीचा हक्क मागायला भारताचा एकही अधिकारी जागेवर नव्हता. इशीला सुवर्ण, सोव्हिएत मल्लाला रौप्य, खाशाबांना कांस्य. पुढच्या पन्नास वर्षांत जे देश या खेळात दबदबा ठेवणार होते, त्यांतल्या चौघांशी खाशाबा दोन ऑलिंपिकमध्ये लढून आले होते. ज्यांच्यामागे सरकार उभं होतं त्यांच्यासमोर ते एका प्राचार्याच्या घराच्या तारणावर उभे होते. ते कांस्यपदक मला आजही म्हणूनच फार मोठं वाटतं.

तख्तीचं सुवर्ण आलं १९५६ला मेलबर्नमध्ये. रौप्य सोव्हिएत मल्लाला, कांस्य अमेरिकेच्या पीटर ब्लेअरला; एकाच व्यासपीठावर तीन देश, पुढच्या सत्तर वर्षांचे. त्याच स्पर्धेत ‘माझंदरानचा वाघ’ इमामअली हबीबी ६७ किलोत जिंकला. तेहरानला जगज्जेतेपदाची स्पर्धा भरली १९५९ साली. तख्ती आणि हबीबी दोघेही घरच्या प्रेक्षकांपुढे जिंकले, पण त्याच सभागृहात अली अलियेव नावाचा एक हलक्या वजनाचा मल्लही जगज्जेता झाला. दागेस्तानचा हा पहिला जगज्जेता. त्या छोट्या डोंगराळ प्रदेशातून पुढे किती जगज्जेते निघतील याची तेव्हा कुणाला कल्पना नव्हती.

अमेरिकेनं इराणला पहिला मोठा धक्का दिला तो १९६०ला रोममध्ये. ओक्लाहोमाच्या शेतावर वाढलेला डग ब्लुबॉ अंगापिंडानं मजबूत, नजरेनं अधू. त्याच्यासमोर हबीबी, चार वर्षांपूर्वीचा ऑलिंपिक विजेता. हबीबीनं झटपट गुण घेत आक्रमण केलं आणि त्याच धडाक्यात ब्लुबॉनं त्याला धरून पाठीवर घातलं. हबीबी चीत! त्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेनं फ्रीस्टाइलची तीन सुवर्णं घेतली, तुर्कांनी चार. तख्तीला तुर्की मल्ल इस्मत आतलीनं रौप्यावर रोखलं. सोव्हिएत संघाला फ्रीस्टाइलचं एकही सुवर्ण मिळालं नाही, आणि मॉस्कोत हे फार मनाला लावून घेतलं गेलं.

पुढच्याच वर्षी, जून १९६१ला, योकोहामात इराणनं पाच सुवर्णांसह सांघिक जगज्जेतेपद पहिल्यांदा जिंकलं. सैफपूर, सनतकारान, हबीबी, मेहदीजादे, तख्ती ही नावं आजही इराणात मुलांना ठाऊक असतात. सनतकाराननं जिंकलेल्या ६७ किलो गटात तिसरा आला भारताचा उदयचंद. स्वतंत्र भारताचं हे कुस्तीतलं पहिलं जागतिक पदक, आणि ते इराणच्या सर्वांत सोनेरी आठवड्यात मिळालेलं.

१९६२ची स्पर्धा अमेरिकेत, ओहायोतल्या टोलेडो या काचकारखान्यांच्या शहरात झाली. तिथे तख्तीच्या गटात बेलारूसमधून आलेला तरणाबांड अलेक्सांद्र मेद्वेद होता. सुवर्ण मेद्वेदला गेलं, रौप्य तख्तीला. मेद्वेद पुढे १९६४, १९६८ आणि १९७२ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकून गेला, तेव्हा त्याच्याकडून हरण्यात कमीपणा काहीच नव्हता. पण इराणात या दोघांच्या लढतीची एक वेगळीच गोष्ट सांगतात. मेद्वेदचा उजवा गुडघा दुखावला होता, ते तख्तीला समजलं आणि पूर्ण कुस्तीत त्यानं त्या पायाचा पट काढायला हात घातला नाही. चांगल्या पायावरच हल्ले करत राहिला आणि हरला. लोककथेचं थोडं पाणी या गोष्टीला चढलं असेल. पण जी माणसं ती शाळकरी मुलांना आजही सांगतात, त्यांना विजयापेक्षा त्या न धरलेल्या पायाचं मोल अधिक वाटतं, ही गोष्ट खरी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात बुईन जहराला भूकंप होऊन बारा हजारांवर माणसं मेली, तेव्हा तख्ती तेहरानच्या रस्त्यांवर मदत मागत पायी फिरला आणि लोकांनी अंगावरचे कोट उतरवून दिले.

तख्ती मोसद्देकच्या राष्ट्रीय आघाडीचा माणूस. मोसद्देकचं लोकनियुक्त सरकार १९५३ला अमेरिका-ब्रिटनच्या मदतीनं उलथवलं गेलं होतं, आणि तख्तीची लोकप्रियता शहाच्या राजवटीला सलत होती. ७ जानेवारी १९६८ला तेहरानच्या अटलांटिक हॉटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. सरकारनं आत्महत्या म्हटलं. लोकांनी शहाच्या गुप्त पोलिसांवर, सावाकवर, बोट ठेवलं, आणि अंत्ययात्रेला तेहरानच्या दक्षिणेला जनसागर लोटला. वय अवघं ३७.

त्याच्या मृत्यूच्या दोनच महिने आधी, नोव्हेंबर १९६७ला, जागतिक स्पर्धा दिल्लीत झाली होती. ५७ किलोत भारताचा बिशंबर सिंग अंतिम टप्प्यापर्यंत पोचून रौप्य घेऊन गेला. सुवर्ण नेलं अली अलियेवनं, त्याच दागेस्तानी मल्लानं, आता वरच्या वजनगटात. इराणचा अब्दुल्ला मोवाहेद दिल्लीतही जिंकला. तो १९६५पासून सहा वर्षं अपराजित म्हणावा असाच होता, १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकचं सुवर्णही त्याचं. आयुष्याचा उत्तरार्ध त्यानं अमेरिकेत काढला. इराणच्या कुस्तीतलं ऑलिंपिक सुवर्ण त्याच्यानंतर पुढची २८ वर्षं कुणाला मिळालं नाही.

अमेरिकेला जागतिक स्पर्धेतलं पहिलं फ्रीस्टाइल सुवर्ण मिळायला १९६९ उजाडलं. तोवर त्यांच्याकडे कॉलेजांची कुस्ती होती, आणि तिचे नियम वेगळे होते. समोरच्याला खाली दाबून ठेवण्याला, ताब्यात धरण्याला तिथे गुण मिळत. फ्रीस्टाइलमध्ये मात्र पाठ उघडी पाडण्याला किंमत. आयोवा, ओक्लाहोमा, पेनसिल्व्हेनियाची शेतकरी-कामगारांची पोरं एक कुस्ती शिकून दुसरी खेळायला जात आणि कॉकेशसच्या मल्लांकडून मार खाऊन येत. या दोन्हींना जोडणारा माणूस म्हणजे आयोवाचा डॅन गेबल. कॉलेजच्या अखेरच्या लढतीत तो आयुष्यातला तिथला एकमेव पराभव घेऊन बाहेर पडला आणि नंतर सरावाचं त्याला वेडच लागलं. त्याला हरवणारा मल्ल आम्ही शोधून काढू, असं सोव्हिएत प्रशिक्षक सांगत होते. १९७२ला म्युनिकमध्ये दुखरा गुडघा आणि कपाळावर टाके अशा अवस्थेत तो सहा कुस्त्या लढला. सहा कुस्त्यांत एकही गुण त्याच्यावर चढला नाही. शेवटची कुस्ती सोव्हिएत मल्ल रुसलान अशुरालियेवशी होती, तीही त्यानं जिंकली. तरी एकूण हिशोबात सोव्हिएत संघ पाच सुवर्णं घेऊन पुढे होता, आणि अमेरिका तीन.

मग राजकारणानं गादीच गुंडाळून ठेवली. १९८०ला अमेरिकेनं मॉस्कोवर बहिष्कार टाकला. तिथे सोव्हिएत मल्लांनी फ्रीस्टाइलच्या दहापैकी सात गटांत सुवर्ण जिंकलं. १९८४ला सोव्हिएत संघ लॉस एंजेलिसला गेला नाही. तिथे अमेरिकी मल्लांनी दहापैकी सात गटांत सुवर्ण जिंकलं. दोन्हीकडे सात-सात. ही आकडेवारी वाचताना मला त्या मल्लांची कीव येते ज्यांना जिंकूनही आपण खरंच पहिले होतो का हे कधी कळलं नाही. इराणनं तर दोन्ही ऑलिंपिकना पाठ फिरवली. तिथली त्या पिढीची पोरं इराकच्या युद्धात होती.

लॉस एंजेलिसला जिंकलेला डेव्ह शुल्ट्झ रशियन बोलायचा. त्बिलिसीची स्पर्धा, जिथे सोव्हिएत संघाचे चार-चार मल्ल एकाच गटात उतरत, ती त्यानं दोनदा जिंकली, आणि जॉर्जियाच्या प्रेक्षकाला त्याच्या कुस्तीत आपली कुस्ती दिसली. १९९६च्या जानेवारीत पेनसिल्व्हेनियात एका धनाढ्य आश्रयदात्यानं त्याला गोळ्या घालून मारलं. त्याच्याच हाताखाली तयार झालेला कर्ट अँगल सहा महिन्यांनी अटलांटा ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उतरला. वजन १०० किलो, मानेला जबर दुखापत झालेली. समोर इराणचा अब्बास जदीदी.

ती कुस्ती आजही तेहरानमध्ये वादाचा विषय आहे. पूर्ण वेळ संपला, एक-एक. जादा वेळेत दोघेही थकून एकमेकांच्या मानेवर लोंबकळत होते, गुण कुणालाच मिळाला नाही. निकाल पंचांकडे गेला. पंच मध्ये, दोघांची मनगटं त्यांच्या दोन हातांत, आणि जदीदीनं निकालाआधीच स्वतःचा हात वर उचलायला सुरुवात केली. वर गेला तो अँगलचा. अमेरिकी मल्ल गुडघ्यांवर कोसळून रडला. जदीदी पंचांकडे बघत राहिला. त्याच ऑलिंपिकमध्ये ९० किलोत रसूल खादेमनं इराणचा २८ वर्षांचा दुष्काळ संपवला होता, रशियाच्या मखारबेक खदार्त्सेव्हला हरवून. पण इराणात आधी आठवण निघते ती जदीदीच्या त्या अर्धवट उचललेल्या हाताची.

दीड वर्षातच आली ती १९९८ची फेब्रुवारी. म्हणजे तेहरानच्या ज्या प्रेक्षकांनी अमेरिकी मल्लांसाठी टाळ्या वाजवल्या, त्यांच्या मनात अटलांटाची जखम ओली होती. यासाठी मी त्या टाळ्यांना इतकं महत्त्व देतो. एप्रिलमध्ये इराणी मल्ल ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला विश्वचषकासाठी निघाले, तर शिकागोच्या विमानतळावर त्यांच्या बोटांचे ठसे आणि फोटो घेतले गेले. पाहुण्यांचा हा अपमान अमेरिकी कुस्ती संघटनेलाही झोंबला. सप्टेंबरात जागतिक स्पर्धा तेहरानला भरली आणि इराणनं तेहतीस वर्षांनी सांघिक जगज्जेतेपद परत मिळवलं: दाबीर, हैदरी आणि जदीदी तिघांनी सुवर्ण जिंकलं. त्याच सभागृहात अमेरिकेचा सॅमी हेन्सनही ५४ किलोत जगज्जेता झाला.

फेब्रुवारी २०१३ला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं कुस्तीला ऑलिंपिकमधून वगळण्याची शिफारस केली. जगातल्या सर्वांत जुन्या खेळांपैकी एक, आणि तो वगळायचा! योगायोगानं त्याच महिन्यात तेहरानला विश्वचषक होता. इराण, रशिया, अमेरिका तिघेही तिथे एकत्र होते. मे महिन्यात न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल या भव्य रेल्वे स्थानकात गादी अंथरली गेली आणि तिन्ही देशांचे मल्ल प्रवाशांच्या गर्दीपासून काही पावलांवर लढले. इराणनं अमेरिकेला ६-१ असं हरवलं. अमेरिकेचा एकुलता विजय जॉर्डन बरोजचा होता. सप्टेंबरात ब्युनोस आयर्सला कुस्ती ऑलिंपिकमध्ये परत आली. आपापसात वैर असलेल्या तीन सरकारांचे पैलवान तेवढ्यापुरते एका बाजूला उभे राहिले होते.

पण ही ऊब टिकत नाही. २७ जानेवारी २०१७ला डोनाल्ड ट्रम्प यांनी इराणसह काही देशांच्या नागरिकांना अमेरिकेत प्रवेशबंदी केली. तीन आठवड्यांत इराणच्या कुर्दबहुल करमानशाहमध्ये विश्वचषक होता. इराणनं प्रत्युत्तरादाखल अमेरिकी मल्लांना व्हिसा नाकारला. अमेरिकी न्यायालयानं बंदीला स्थगिती दिली, तेव्हा इराणनं दोनच दिवसांत नकार मागे घेतला. अमेरिकी संघ गेला. बरोज गादीवर आला की सभागृह त्याच्या नावानं दणाणायचं. इराणच्या गोदर्जीला लंडनच्या ऑलिंपिक फायनलमध्ये हरवणारा हाच बरोज. अंतिम लढतीत इराणनं अमेरिकेला ५-३नं हरवलं आणि घरचा संघ जिंकला. पण त्या संध्याकाळी डेव्हिड टेलर नावाच्या, अजून अमेरिकी संघात पक्की जागा नसलेल्या मल्लानं इराणच्या लाडक्या हसन यझदानीला चीत केलं होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत अमेरिका आणि रशिया यांची सांघिक चुरस अखेरच्या कुस्तीवर येऊन थांबली. काइल स्नायडर विरुद्ध दागेस्तानचा अब्दुलरशीद सादुलायेव, जो जिंकेल त्याच्या देशाला चषक. स्नायडर ६-५नं जिंकला आणि अमेरिकेनं २२ वर्षांनी सांघिक विजेतेपद घेतलं, एका गुणाच्या फरकानं. पुढच्या वर्षी बुडापेस्टला सादुलायेवनं त्याला पहिल्याच सत्रात चीत करून हिशोब चुकता केला, आणि टोकियोच्या ऑलिंपिक फायनलमध्येही हरवलं.

२०१७च्याच नोव्हेंबरात पोलंडमध्ये २३ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत इराणचा अलीरझा करीमी एका रशियन मल्लावर आघाडी घेऊन होता. जिंकला तर पुढची कुस्ती इस्रायली मल्लाशी पडणार होती. बाहेरून प्रशिक्षकानं ओरडून त्याला हरायला सांगितलं, आणि तो हरला. जागतिक संघटनेनं मल्ल आणि प्रशिक्षक दोघांवर बंदी घातली. रसूल खादेम तेव्हा इराणी कुस्ती महासंघाचे अध्यक्ष होते. असली सक्ती मल्लांवर लादत राहणं त्यांना मंजूर नव्हतं. काही महिन्यांत त्यांनी पद सोडलं. तख्तीचं माप आपल्या सरकारला लावून दाखवणारा अधिकारी म्हणून मी खादेमांकडे बघतो.

टेलर आणि यझदानी पुढे पाच वेळा भिडले. माझंदरानातल्या जुईबार या गावचा यझदानी. रिओला रशियाच्या गेदुयेवविरुद्ध ०-६ अशा पिछाडीवरून शेवटच्या सेकंदांत सुवर्ण खेचून आणणारा. तो थांबत नाही, पुढेच चालत येतो, दम काढतो. २०१९ला नूर-सुलतानमध्ये आपल्या दीपक पुनियाला पाय दुखावल्यामुळे त्याच्याविरुद्ध फायनल सोडावी लागली होती. त्याच स्पर्धेत बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ असं हरवून ६१ किलोचं कांस्य घेतलं. खाशाबांनंतर इतक्या वर्षांनी मराठी मल्लानं मोठ्या मंचावर अमेरिकी मल्लाला असं लोळवलं.

टेलर मात्र यझदानीच्या चालत येण्याला घाबरत नव्हता. टोकियोची फायनल, ५ ऑगस्ट २०२१. यझदानी ३-२नं पुढे, घड्याळात वीस सेकंदांहून कमी. टेलरनं दोन्ही पायांत घुसून दुहेरी पट काढला आणि यझदानीला खाली बसवलं. ४-३. उरलेल्या सतरा सेकंदांत यझदानी जिवाच्या आकांतानं धडपडला, टेलर सुटला नाही. दोनच महिन्यांनी ऑस्लोच्या जागतिक स्पर्धेत यझदानी ६-२नं जिंकला आणि इराणात रात्रभर जल्लोष झाला. मग २०२२ आणि २०२३ दोन्ही वेळा बेलग्रेडमध्ये टेलर, दुसऱ्यांदा चीतपट. सहा कुस्त्या, पाच टेलरच्या. इतकं हरूनही यझदानीची इराणातली जागा तसूभर हलली नाही.

सातवी कुस्ती झालीच नाही. टेलर अमेरिकेच्या निवड चाचणीत हरला आणि ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला. यझदानी जायबंदी खांद्यानिशी पॅरिस ऑलिंपिकच्या फायनलमध्ये पोचून रौप्यावर थांबला. त्याला हरवणारा मगोमेद रमझानोव्ह बल्गेरियासाठी लढत होता, पण घडला होता दागेस्तानात. ७४ किलोचा विजेता उझबेकिस्तानकडून, ९७ किलोचा बहारीनकडून, आणि दोघेही त्याच उत्तर कॉकेशसचे. युक्रेन युद्धामुळे रशियाचं पथक म्हणून कुणीच नव्हतं, पण सहापैकी तीन सुवर्णं त्याच डोंगरांत घडलेल्या हातांनी उचलली. इराण, अमेरिका यांना पुरुष फ्रीस्टाइलचं एकही सुवर्ण मिळालं नाही. अली अलियेवच्या तेहरानमधल्या त्या विजयानंतर ६५ वर्षांनी दागेस्तान आता कुठल्याही एका झेंड्याखाली मावत नाही.

इराण आणि अमेरिका मात्र अजून एकमेकांकडेच बघताहेत. २०२२च्या फेब्रुवारीत टेक्सासमधल्या इराण-अमेरिका लढतीसाठी इराणी महासंघाचे अध्यक्ष अलीरझा दाबीर, १९९८चे तेहरानचे जगज्जेते, यांना अमेरिकेनं व्हिसा नाकारला आणि इराणनं आख्खा संघ मागे घेतला. सप्टेंबर २०२५ला झाग्रेबमध्ये इराणनं अमेरिकेला मागे टाकून बारा वर्षांनी फ्रीस्टाइलचं सांघिक जगज्जेतेपद मिळवलं. त्याआधी तीनच महिने अमेरिकेनं इराणी नागरिकांवर पुन्हा प्रवेशबंदी लादली होती. तिच्यात ऑलिंपिकच्या खेळाडूंना सवलत आहे. २०२८चं ऑलिंपिक लॉस एंजेलिसला आहे. त्या शहरात १९८४ला ऑलिंपिकची कुस्ती झाली तेव्हा तिथे एकही इराणी मल्ल नव्हता.